लांब पल्ल्याच्या रायफलसाठी काडतूस: 6 मिमी बीआर, 6 मिमी क्रीडमूर की 22 क्रीडमूर?

अमेरिकेत मनाजोगी रायफल घडवून घेताना नळी आणि दस्ता यांचा विचार करण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो: चेंबर (नळीतील काडतूस बसण्याची जागा) कोणत्या काडतुसासाठी कापायचे? 600 ते 1,000 यार्डांवरील पोलादी पाट्यांवर नेमबाजी करायची आहे आणि धक्का कमी असलेले लहान कॅलिबर हवे आहे, असे गृहीत धरून ही तुलना केली आहे. ‘पॉइंट टू टू’ म्हटले की मराठी वाचकाला पॅरिसमध्ये 2024 साली 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे आठवेल. पण त्या प्रकारात वापरले जाणारे 22 एलआर हे रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणारे, काडतूस आहे. येथे ज्यांची चर्चा आहे, ती सारी सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मध्यावर आघात होऊन पेटणारी, काडतुसे आहेत.

माझ्या मते आधी गोळी ठरवावी आणि मगच काडतूस. लांब पल्ल्यावर गोळी किती वेगाने सुटते यापेक्षा ती वेग किती टिकवते आणि वाऱ्याला किती दाद देत नाही, हे अधिक मोलाचे ठरते. होर्नाडी कंपनीच्या 22 कॅलिबरमधील 55 ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम) व्ही-मॅक्स गोळीचा बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे हवेत वेग टिकवण्याच्या क्षमतेचा आकडा, 0.255 आहे, तर त्याच व्यासाच्या 88 ग्रेनच्या ईएलडी मॅच गोळीचा 0.545. मात्र वजनदार गोळी लांब असते, आणि लांब गोळी स्थिर राहण्यासाठी नळीतील पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतील खाचांचा) जलद लागतो. 1965 साली रेमिंग्टनने प्रमाणित केलेले 22-250 याच ठिकाणी मागे पडते. त्याच्या पारंपरिक नळीत 14 इंचांत एक फेरा असतो आणि तो हलक्या गोळ्यांनाच मानवतो. 8 इंचांत एक फेरा असलेली नळी बसवून घेता येते, पण दुकानात मिळणारी बहुतेक तयार काडतुसे हलक्या गोळ्यांचीच असतात, आणि पातळ आवरणाची एखादी गोळी तेवढ्या वेगात आणि तेवढ्या पिळात हवेतच फुटू शकते. मग 22-250 घेऊन साधले काय?

फेडरलचे 224 व्हल्कीरी 90 ग्रेनची गोळी सुमारे 2,700 फूट प्रति सेकंद वेगाने सोडते. परंतु ते एआर-15 या अर्धस्वयंचलित रायफलच्या मॅगझिनमध्ये मावावे म्हणून आखलेले आहे आणि हाताने बोल्ट ओढून चालवायच्या रायफलवर तशी सक्ती नसल्याने येथे त्याचा विचार करण्याचे कारण उरत नाही.

खरी निवड उरते ती दोन 6 मिमी काडतुसांत. 6 मिमी बीआर नॉर्मा आखूड आणि रुंद आहे. त्यात साधारण 30 ग्रेन दारू जळते आणि 105 ग्रेनची गोळी 2,800 च्या आसपास वेग गाठते. 6 मिमी क्रीडमूरमध्ये 40 ग्रेनच्या आसपास दारू जाते, आणि होर्नाडीचे 108 ग्रेनचे तयार काडतूस 2,960 देते. 1,000 यार्डांवर, ताशी 10 मैलांच्या आडव्या वाऱ्यात, या दोहोंमधील फरक वाऱ्याचा अंदाज ताशी एका मैलाने चुकल्यावर पडणाऱ्या फरकाएवढाच असतो. उलट बीआरचा धक्का इतका सौम्य असतो की गोळी पाटीवर किंवा मागच्या मातीत कोठे आदळली, हे नेमबाजाला आपल्याच दुर्बिणीतून दिसते आणि पुढची गोळी तो त्यानुसार दुरुस्त करतो. नळीच्या आयुष्याचा हिशेबही बीआरच्याच बाजूने आहे: क्रीडमूरची नळी साधारण 1,500 ते 2,000 गोळ्यांत थकते, बीआरची त्याहून बरीच जास्त टिकते.

बीआरची अडचण मॅगझिनची. आखूड केस (काडतुसाचे कवच) नेहमीच्या मॅगझिनमधून चेंबरमध्ये सुरळीत शिरत नाही, त्यासाठी वेगळा स्पेसर लागतो. शिवाय तयार काडतुसे दुकानागणिक मिळत नाहीत. जो घरी काडतुसे भरत नाही आणि पुढेही भरणार नाही, त्याने क्रीडमूरच घ्यावे, यात मला शंका वाटत नाही. मॅगझिनची कटकट नको पण बीआरचा सौम्यपणा हवा, अशांसाठी 6 मिमी जीटी हे आणखी एक काडतूस हा मधला मार्ग आहे.

22 क्रीडमूर 2024 साली प्रमाणित झाले. त्याची भुरळ मी समजू शकतो, परंतु ते नळी फार लवकर खाते आणि 80 ग्रेनच्या गोळीने 3,200 फूट प्रति सेकंदाच्या पलीकडे जाते. प्रिसिजन रायफल सिरीज या नेमबाजी स्पर्धामालिकेच्या ओपन गटात वेगाची मर्यादा नेमकी 3,200 आहे. प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातील प्राण्याच्या शिकारीसाठी ते घ्यावे, सामन्यांसाठी नव्हे.

व्हल्कीरी वगळता वरील सर्व सेंटरफायर काडतुसांच्या बुडाचा व्यास सारखाच, सुमारे 0.473 इंच, असल्याने एकाच बोल्टवर पुढे केवळ नळी बदलून काडतूस बदलता येते. म्हणून ॲक्शन (बोल्ट असलेला रायफलचा मुख्य भाग) त्याच मापाची घ्यावी, आणि गनस्मिथला चेंबर कापायला सांगण्याआधी आपण वापरणार ती गोळी त्याच्या हाती द्यावी, म्हणजे घशाची (चेंबरच्या लगेच पुढील नळीच्या भागाची) लांबी तिला जुळवता येईल. एच-1बी किंवा तत्सम व्हिसावर असलेल्यांना शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास अमेरिकी संघराज्याचा कायदा बंदूक बाळगू देत नाही, तेव्हा त्यांनी पैसे गुंतवण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा; ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही.