जड हँडलबारचे निदान: डुलुथजवळील एका सस्पेन्शन वर्कशॉपचा अनुभव

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात डुलुथहून ग्रँड मरेकडे जाणाऱ्या १४६ मैलांच्या नॉर्थ शोअर स्टेट ट्रेलवर, जुनी विकत घेतलेली स्नोमोबाइल (पुढे दोन स्की म्हणजे घसरपट्ट्या आणि मागे ट्रॅक म्हणजे फिरता पट्टा असलेली बर्फावरची गाडी) पहिल्यांदा चालवली, तेव्हा तासाभरातच माझे दंड भरून आले. हँडलबार कमालीचे जड होते, आधीच्या गाड्यांनी बर्फात पाडलेल्या चाकोरीत स्की शिरली की गाडी एकदम बाजूला ओढली जाई आणि रहदारीमुळे उठलेल्या उंचवट्यांवर कंबरेला हादरे बसत. एका विक्रेत्याने न तपासताच चारही शॉक (हादरे शोषणारे भाग) बदलण्यास सांगितले. म्हणून मी शहराबाहेरील, केवळ सस्पेन्शनचे काम करणाऱ्या या छोट्या वर्कशॉपमध्ये गेले.

तेथील कारागिराने पाना हातात घेण्यापूर्वी माझे वजन विचारले. मग मागचा बंपर उचलून सस्पेन्शन पूर्ण सैल असताना जमिनीपासूनची उंची मोजली आणि हेल्मेट-बुटांसह मला बसवून ती पुन्हा मोजली. गाडी जेमतेम दीड इंच खाली बसली. आधीचा मालक बराच वजनदार असावा, कारण मागील टॉर्शन स्प्रिंगचा (पीळ बसून भार पेलणाऱ्या स्प्रिंगचा) कॅम, म्हणजे तिचा ताण कमी-जास्त करणारा फिरता तुकडा, सर्वांत कडक टप्प्यावर होता. त्यामुळे ६० किलोच्या माझ्या भाराने मागची बाजू दबतच नव्हती आणि सगळा भार स्कींवर जात होता. जडपणा आणि हादरे या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच निघाले, हे मला फार मोलाचे वाटले. कॅम सर्वांत मऊ टप्प्यावर आणल्यावर बसण्याची उंची साडेतीन इंचांनी उतरली.

गाडी ओढली जाण्याचे कारण मात्र वेगळे होते. ट्रॅकच्या कडेला सरळ पट्टी लावून मोजल्यावर स्की पुढच्या टोकाशी किंचित आत वळलेल्या आढळल्या, शिवाय त्यांच्याखालील कार्बाइडही (बर्फात पकड देणाऱ्या कठीण धारेच्या पट्ट्या) झिजले होते. कार्बाइड नवे बसवून स्की अगदी थोड्या बाहेर वळवल्या.

एका वेळी एकच बदल करून, प्रत्येक बदलानंतर त्याच वळणावर मला फेरी मारायला लावण्याचा त्यांचा आग्रह मला सर्वाधिक आवडला. कॅम बदलल्यावर हँडल हलके झाले, पण वळणावर पुढचा भाग बाहेर घसरू लागला. तेव्हा लिमिटर पट्टा (मागील सस्पेन्शनची पुढची बाजू किती खाली उतरेल हे ठरवून स्कींवरील भार कमी-जास्त करणारा पट्टा) फक्त एका छिद्राने आखडला आणि स्कींची पकड परत आली. हाच पट्टा आधी आखडला असता, तर हँडल आणखी जड झाले असते.

शॉकमधील तेल बदलण्याची व नायट्रोजन भरण्याची वेळ झाली आहे का, हे त्यांनी पाहिले नाही, ही उणीव आहे. मजुरी केवळ दोन तासांची लागली, नव्या भागांत फक्त कार्बाइड. शेवटच्या मापांची लेखी नोंद मात्र मागितल्यावरच मिळाली, तेव्हा ती आवर्जून मागून घ्यावी.