पर्वरी की रायबंदर? पणजीत नोकरी आणि भाड्याचे घर

पणजीत नोकरी लागली की भाड्याच्या घरासाठी पहिले नाव पर्वरीचे पुढे येते. मलाही सगळ्यांनी तेच सुचवले आणि मी तिथे पावणेदोन वर्षे राहिलो. आता रायबंदरला आहे. माझे ऑफिस पणजीतल्या पाटोला. दोन्हीकडून अंतर जवळपास सारखेच, पाच-सहा किलोमीटर. त्यामुळे किलोमीटर मोजून हा प्रश्न सुटत नाही.

पर्वरीच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. नवीन इमारती, लिफ्ट, खाली गाडी लावायला जागा. रात्री दहाला औषध लागले तरी दुकान उघडे सापडते. निवडीला फ्लॅटही भरपूर असतात. महिन्याभरात घर हवे असेल तर पर्वरीतच लवकर मिळेल, हे मी मान्य करतो. शिवाय कोणाचे काम म्हापशाकडे किंवा मोपा विमानतळाच्या बाजूला असेल, तर त्याने पुढचे वाचले नाही तरी चालेल. त्याच्यासाठी पर्वरीच बरी.

माझे गणित बिघडले ते पुलावर. पर्वरी आणि पणजीच्या मधे मांडवी नदी आहे. २०१९ साली तिच्यावर अटल सेतू हा नवा उंच पूल सुरू झाला तेव्हा आता मांडवी ओलांडणे सोपे झाले असे सगळेच म्हणत होते. चारचाकीवाल्यांना ते झालेही. पण अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, आणि मी स्कूटरवाला. म्हणजे मला खालचा जुनाच पूल. त्याच पुलावर बसगाड्या, त्याच पुलावर माझ्यासारख्या हजारो स्कूटर, आणि डिसेंबरात पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्याही. पुलाच्या तोंडाशी सगळे एकत्र येतात.

वीस मिनिटे जास्त लागली असती तर मी सहन केले असते. त्रास होता तो वेळेचा भरवसा नसण्याचा. आठ वीसला निघालो तर पावणेनऊला ऑफिसात. आठ पस्तीसला निघालो तर कधी नऊ, कधी साडेनऊ. पुलाच्या अलीकडे एखादी गाडी बंद पडली तर त्या दिवशी हिशेबच करू नये. शेवटी मी रोज सव्वाआठलाच निघायला लागलो आणि बऱ्याचदा ऑफिसच्या खाली पाऊण तास चहा घेत बसायचो. तो पाऊण तास मुलीला शाळेसाठी तयार करण्याचा होता. तिची वेणी घालायचे काम माझ्याकडे होते, ते सुटले. घर बदलायचा विचार पहिल्यांदा मनात आला तो त्यामुळे.

त्यातच पर्वरीतल्या महामार्गावर उड्डाणपुलाचे काम सुरू झाले. पाच किलोमीटरहून लांब पूल आहे, काम मोठे आहे, आणि ते व्हायलाच हवे होते याबद्दल माझे दुमत नाही. पण त्या काळात लाल धुळीने शर्टाची कॉलर ऑफिसला पोचेपर्यंत विटकरी व्हायची. मी टेबलाच्या खणात एक धुतलेला शर्ट ठेवत असे. उड्डाणपुलामुळे पर्वरीतला रस्ता सुधारेल, कदाचित खूपच सुधारेल. तरी मांडवी मध्ये राहणारच आणि स्कूटरला खालचाच पूल राहणार, असे मला वाटते. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा लोकांना पुन्हा फेरीबोट धरावी लागली होती. वडील त्या दिवसांबद्दल अजून बोलतात. पणजीला जायचे तर मधे नदी आहे, हे त्यांनी मला आधी सांगितले होते. मी मनावर घेतले नाही.

रायबंदरहून येताना नदी ओलांडायची नसते, ती सोबत चालते. पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला दगडी बांध अजून वापरात आहे. तीन किलोमीटरचा जवळजवळ सरळ रस्ता. एका हाताला मांडवी, दुसऱ्या हाताला मिठागरे आणि खारफुटी. सकाळी भरती असली तर पाणी अगदी रस्त्याच्या कडेला आलेले दिसते आणि बगळे दगडांवर ओळीने उभे असतात. बांध संपला की पाटो. मला घरापासून ऑफिसपर्यंत पंधरा मिनिटे लागतात. सोमवार असो की शुक्रवार, फरक पडला तर तीन-चार मिनिटांचा. पत्नीचे काम बांबोळीला आहे. तिलाही आता मांडवी पार करावी लागत नाही.

रायबंदरच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. गावातला रस्ता अरुंद, घरे रस्त्याला चिकटलेली, गाडी लावायची पंचाईत. तुमच्याकडे चारचाकी असेल तर जागेचे आधी विचारा, मग खोल्या बघा. जुन्या घरांना ओल धरते. आमच्या मागच्या खोलीची भिंत जुलैत पुसावी लागते, आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवावे लागते. पावसाळ्यात बांधावर वारा आडवा येतो, तेव्हा स्कूटर हळूच चालवावी. जुन्या गोव्याचे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त ३ डिसेंबरला असते. त्याआधीचे नऊ दिवस त्या बाजूला गर्दी राहते. फ्लॅट कमी आहेत. मला घर मिळायला चार महिने लागले, तेही ओळखीतून.

नदीपलीकडच्या चोडण बेटाचाही मी विचार केला होता. घर स्वस्त होते आणि अंगणही होते. पण फेरीची वाट बघायची म्हणजे पुन्हा वेळ दुसऱ्याच्या हातात, म्हणून ते सोडले. मडगाव लांब आहे. पण बसने जाणाऱ्याने त्याला उगाच नाकारू नये. कदंबच्या, म्हणजे सरकारी बससेवेच्या शटलला बसायला जागा मिळते, मधे थांबे नसतात, आणि २०२२ च्या अखेरीस वाटेतल्या जुवारी नदीवरचा नवा पूल सुरू झाल्यापासून कुठ्ठाळीची ती जुनी कोंडीही पूर्वीसारखी नाही. फक्त संध्याकाळी उशिरा सुटणाऱ्यांनी शटलवर विसंबू नये.

घर बघायला जाताना रविवारी जाऊ नका. कामाच्या दिवशी साडेआठला त्या घराच्या दारातून निघा आणि ऑफिसपर्यंत जाऊन या, पर्वरी असो की रायबंदर. जमले तर दोनदा जा, आणि त्यातला एक दिवस सोमवार असू द्या. मी पर्वरीचा फ्लॅट रविवारी दुपारी पाहिला होता. पुलावर तेव्हा आठ-दहा गाड्या होत्या.