दिवसा झोपणाऱ्यांचा पडदा: पार्ल्यातील एका शिलाई दुकानाचा अनुभव

विलेपार्ले पूर्वेला, हनुमान रस्त्याच्या एका गल्लीत पडदे शिवून देणारे जुने दुकान आहे. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण मापे घ्यायला काका स्वतःच जातात आणि हाती असलेलीच कामे उरकत नाहीत, तेव्हा आणखी गिऱ्हाईक पाठवू नका, असे त्यांनीच मला बजावले आहे. तरीही त्यांनी शिवलेल्या पडद्याबद्दल लिहायलाच हवे, कारण यंदा नोकरीतील एक मोठा निर्णय घेताना हा पडदा मला फार उपयोगी पडला.

गेली नऊ वर्षे मी देशांतर्गत मार्गांवर एअरबस ए३२० उडवतो. या वर्षी वाइडबॉडी विमानांसाठी, म्हणजेच लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी, नाव देण्याची संधी आली. घरातल्यांचा आग्रह होता की रोजची धावपळ सोडून महिन्यातून मोजक्याच फेऱ्या कराव्यात. मला मात्र आधी हे तपासायचे होते, की मला येणारा थकवा रोस्टरमुळे, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकामुळे, आहे की झोपेच्या खोलीमुळे. सकाळी पावणेसहाच्या उड्डाणासाठी सव्वातीनला गाडी दारात येते, तेव्हा आदल्या संध्याकाळी सातला झोपणे भाग असते. मे महिन्यात त्या वेळी मुंबईत सूर्य मावळतीला आलेला असतो, आमची खिडकी पश्चिमेची आहे आणि खाली सोसायटीच्या मुलांचे क्रिकेट रंगात आलेले असते. त्यानंतर दिवसभरात चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणे, चार वेळा उतरणे, आणि दोन दिवसांनी तेच रोस्टर उलटे फिरून मध्यरात्रीच्या लँडिंगवर येते.

पहिला पडदा आला तो निराशाजनक होता, हे स्पष्ट सांगतो. कापड उत्तम, तीन पदरी, आतून रबराचा लेप दिलेले. पण शिलाईच्या प्रत्येक टाक्याला सुईने भोक पाडले होते आणि दुपारच्या उन्हात त्या भोकांतून चांदण्यांसारख्या ठिपक्यांची सरळ रांग खोलीभर दिसत होती. काका तक्रार ऐकायला स्वतः आले, पलंगावर आडवे झाले, पाच मिनिटे काही न बोलता वर पाहत राहिले आणि म्हणाले, "साहेब, चूक माझी. झोपून बघितलंच नव्हतं." त्यांनी शिलाईच्या मागून काळ्या सुती अस्तराची पट्टी लावली, रॉड भिंतीच्या दिशेने वळवून घेतला आणि दोन्ही कडांना वेल्क्रो बसवले. यासाठी एक पैसाही जास्त घेतला नाही. आता भर दुपारी दिवा न लावता उशाचा पाण्याचा तांब्या सापडत नाही.

आवाज अर्थातच येतोच. तरी गेल्या चार महिन्यांत संध्याकाळची झोप मला तीन तासांवरून साडेपाच तासांपर्यंत नेता आली, आणि पहाटे दोन ते सहा या वेळेत, जेव्हा शरीराची लय सर्वांत खाली गेलेली असते, कॉकपिटमध्ये जाणवणारा जडपणा बराच कमी झाला. याचे सगळे श्रेय पडद्याला देणे योग्य नाही. २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झालेल्या, वैमानिकांच्या ड्युटीच्या नव्या नियमांनी आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढवली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. त्याच डिसेंबरमध्ये देशात हजारो उड्डाणे रद्द झाली आणि नियमांत काही काळ सवलत द्यावी लागली. त्यावरून पूर्वीची वेळापत्रके किती ताणून बसवलेली होती ते कळले.

माझ्याच बॅचचा एक मित्र बोइंग ७७७ या वाइडबॉडी विमानावर मुंबई-न्यूयॉर्क करतो. त्यानेही याच काकांकडून पडदा शिवून घेतला आणि तो जवळजवळ वापरातच नाही. साधारण पंधरा-सोळा तासांच्या उड्डाणात चार वैमानिक असतात, पुढच्या बाजूला वरती दोन बंक असतात आणि पाळीपाळीने झोपता येते, याबद्दल त्याची तक्रार नाही. अडचण परतल्यावर होते. मुंबईत रात्रीचा एक वाजतो तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये दुपारचे साडेतीन झालेले असतात आणि तो टक्क जागा असतो. सकाळी डोळे मिटू लागले की पडदा ओढायचा मोह होतो, पण ओढला तर शरीराचे घड्याळ आणखी दोन दिवस तिकडेच अडकून राहते. त्याला ऊन हवे, मला अंधार. पडद्याची खरी गरज त्याला हॉटेलात पडते, आणि तिथले पडदे मधोमध उघडे राहत असल्यामुळे तो विजारीच्या हँगरचे चिमटे लावून ते जोडतो. शिवाय ९० दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि लँडिंग व्हावे लागतात, ते पुरे करण्यासाठी त्याला कधी सिम्युलेटरकडे धाव घ्यावी लागते. माझी तेवढी लँडिंग एका दिवसात होतात.

लांब की जवळ, हा प्रश्नच मला आता अपुरा वाटतो. २२ मे २०१० रोजी मंगळूरला कोसळलेले विमान दुबईहून चार तासांच्या आत येत होते. रात्रीच्या त्या उड्डाणात कप्तान बराच वेळ झोपलेले होते आणि जाग आल्यानंतरच्या गुंगीचा त्यांच्या निर्णयावर परिणाम झाला, असे चौकशीत नोंदले गेले. १५८ जण गेले. अंतर थोडे होते, वेळ वाईट होती.

वाइडबॉडीचा अर्ज मी यंदा भरला नाही. त्याऐवजी मुलीच्या खोलीच्या खिडकीचे माप देऊन आलो, कारण रात्रीच्या ड्युटीनंतर सकाळी मी तिथे झोपतो. एका खिडकीला शिलाईसह ३८०० रुपये पडले आणि पडदा आठ दिवसांत मिळाला. मापे देताना खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर जास्त सांगावे, आणि हा पडदा वॉशिंग मशीनमध्ये टाकू नये. लेप सुटतो आणि चांदण्या पुन्हा दिसू लागतात.