बॅलन्स्ड की बेस्ट परफॉर्मन्स? खान्देशच्या उन्हाळ्यासाठी

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग पॉवर उघडलं की वेग आणि विजेचा खर्च ठरवणारे तीन मोड मिळतात: बेस्ट पॉवर एफिशियन्सी, बॅलन्स्ड आणि बेस्ट परफॉर्मन्स. लग्नसराईत व्हिडिओची कामं साचली की हात साहजिकच तिसऱ्याकडे जातो. डिसेंबरात तो योग्यच. पण जळगाव-भुसावळचा पारा 44-45 वर असताना लॅपटॉपवर तो बरेचदा उलटा पडतो.

वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. म्हणजे वरचा शेवटचा थोडासा वेग सगळ्यात जास्त उष्णता देतो. खोलीतली हवाच 38-40 अंश असेल तर पंखा ती उष्णता बाहेर टाकणार तरी कशी? चिप 95 ते 100 अंशांच्या आसपास पोचली की वेग आपोआप पाडते, थोडी निवते, पुन्हा चढते. चिपचं तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर लावून पाहा: थर्मल थ्रॉटलिंगपुढे (म्हणजे तापल्यामुळे वेग पाडणं) ‘येस’ येत असेल तर त्या मोडचा फायदा तिथेच संपला.

म्हणून फोटोशॉपमध्ये जड फाइल उघडणं, फिल्टर लावणं अशा मिनिटभराच्या कामांना चार्जर लावून बेस्ट परफॉर्मन्स. तासभर चालणाऱ्या रेंडरला, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवण्याला, बॅलन्स्ड. तरीही तापत असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जखाली ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ 100 वरून 99 टक्के करा. बहुतेक इंटेल लॅपटॉपवर एवढ्यानं टर्बो, म्हणजे चिपचा नेहमीपेक्षा वर चढणारा वेग, बंद होतो. रेंडरला वेळ थोडा जास्त लागेल, पण वेग एकसारखा राहील. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसतच नाही. तिथे कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला शांत मोड वापरा. लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलवर एफएन आणि क्यू एकत्र दाबून तो बदलता येतो.

टॅली, ऑनलाइन फॉर्म, बिलं यांना एफिशियन्सी पुरेसा आहे.

मोडचा पर्याय बदलूच देत नसेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये बहुधा हाय परफॉर्मन्स प्लॅन निवडलेला असतो. तिथे बॅलन्स्ड प्लॅन निवडा, पर्याय खुला होईल.

भारनियमनात आणखी एक गोष्ट हमखास सुटते. घरच्या इन्व्हर्टरवर लाइट गेल्याचं लॅपटॉपला कळत नाही. चार्जर चालूच असल्यानं तो ‘प्लग्ड इन’चाच मोड धरून बसतो, वर बॅटरीही चार्ज करत राहतो आणि इन्व्हर्टर लवकर उतरतो. लाइट गेली की मोड हातानं एफिशियन्सीवर आणा. डेस्कटॉपचंही तेच, यूपीएस यूएसबी केबलनं जोडलेला नसेल तर. ग्राफिक्स कार्डवालं मशीन 600 व्हीएच्या यूपीएसवर असेल तर जास्तच सांभाळा: असे यूपीएस साधारण 360 वॅटच पेलतात, आणि भर रेंडरमध्ये लाइट गेली तर तो जास्त लोडनं लगेच बंद पडू शकतो.