घोडं घरी तयार करावं की ट्रेनरकडे पाठवावं?

नवीन घोडा घेतलाय किंवा घरचंच शिंगरू आता मोठं झालंय, आणि घोडं अडलंय ते इथे की ह्याला स्वतः शिकवू की महिना-दोन महिने ट्रेनरकडे सोडू. मी एकाच घोडीवर दोन्ही केलंय, आधी बाहेर पाठवली आणि मग घरी, त्यामुळे हे सगळं एका घोडीवरून बनलेलं मत आहे एवढं धरून वाचा. हॉल्टर, लंज लाइन, बिट हे तुम्हाला माहितीये असं समजतोय.

ट्रेनरची बाजू आधी घेतो, कारण ती खरंच भक्कम आहे. पहिल्यांदा पाठीवर बसायचं काम ज्याने कितीतरी कच्च्या घोड्यांवर केलंय त्यानेच करावं, ह्यात मला तरी शंका नाही. घोडं बुजलं, उसळलं की आपलं अंग आधी आखडतं, मांडीने आवळतो, लगाम ओढतो आणि घोड्याला वाटतं की घाबरण्यासारखं काहीतरी नक्की आहे. कसलेल्या माणसाचं अंग सैलच राहतं, तो काही झालंच नाही असा पुढे चालवतो. शिवाय तिकडे रोज काम होतं. घरी पाऊस असतो, पाहुणे असतात, आज कंबर दुखतेय असतं.

हा वाद काही आजचा नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला ग्रीक झेनोफन, स्वतः लढाया केलेला माणूस, त्याने सरळ सांगून ठेवलंय की शिंगरू स्वतः तयार करत बसू नका, शिकवणाऱ्याकडे द्या, आणि परत येताना त्याला काय काय यायला पाहिजे ते आधी लेखी ठरवून घ्या. पण त्याच्या जोडीला तो हेही म्हणतो की पाठवण्याआधी ते घरीच माणसाळलेलं हवं, आणि मोतद्दाराने (घोडा सांभाळणाऱ्याने) त्याला गर्दीतून, आवाजातून फिरवून आणलेलं हवं. लोक पहिला अर्धा भाग उचलतात, दुसरा सोडून देतात.

आता माझं गाडं जिथे अडलं ते सांगतो. घोडी परत आली तेव्हा बघत राहावं अशी चालत होती. दुडक्या चालीत तोंड शांत, दोन्ही बाजूंना सारखी वळत होती, थांबवली की नीट चारी पायांवर. फक्त चढताना उभी राहीना. माउंटिंग ब्लॉकजवळ, म्हणजे चढायला ठेवलेल्या ठोकळ्याजवळ आणायची, मी ब्लॉकवर चढलो की हिचा पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, हळूच बाहेर सरकणार, परत जवळ आणली, पाय रिकिबीत घातला की दोन पावलं पुढे. चिडलेली नाही, कान नीट, नुसती सरकते. ऐकायला अगदी फालतू वाटेल, पण रोज राइडिंगची सुरुवात ह्या फुगडीने व्हायला लागली की निम्मा मूड तिथेच जातो, आणि एक पाय जमिनीवर नि एक रिकिबीत असताना घोडं चालायला लागणं ही गंमत नाही.

कारण नंतर कळलं. तिकडे चढताना एक मदतनीस रोज तोंडाशी उभा राहून तिला धरायचा. घोडीच्या हिशोबाने तोंडाशी माणूस म्हणजे थांब, माणूस नाही म्हणजे चल. ट्रेनरला मी दोष देत नाही, त्याच्याकडे माणूस होता, त्याने वापरला. माझ्याकडे नाहीये. मी एकटा असतो, आणि माझ्या मते बरेच जण एकटेच असतात.

मग ते सगळं जमिनीवरून परत. मी ब्लॉकवर उभा, डाव्या हातात लगाम, उजव्या हातात लांब काठी. पुठ्ठा बाहेर गेला की तिच्या पाठीवरून काठी पलीकडे नेऊन उजव्या पुठ्ठ्यावर हलकं टक टक, तो माझ्याकडे एक पाऊल सरकेपर्यंत. सरकला की काठी त्याच क्षणी बंद, मान खाजवायची, थोडा वेळ काहीच मागायचं नाही. मग नुसतं पोटावर आडवं होऊन लटकायचं, उतरायचं. रिकिबीत वजन द्यायचं, उतरायचं. बसायचं, काहीही न करता उतरायचं. हळूहळू ती स्वतःच ब्लॉकला येऊन लागायला लागली. आणि हे करताना जास्त मीच शिकलो, कारण घोडा शिकतो तो दाब सुटतो त्या क्षणाला, एखाद-दोन सेकंद उशीर झाला तरी भलतंच काहीतरी त्याच्या डोक्यात बसतं. ते टायमिंग ट्रेनरच्या हातात होतंच हो, पण घोडीबरोबर त्याचा हात काही घरी आला नाही.

घरचे तोटे नाहीत असं नाही. एकतर बाहेरून बघणारं कोणी नसतं, तुमचा उजवा हात जड पडतोय हे घोडा सांगतो पण आपल्याला कळत नाही. दुसरं म्हणजे फाटक. घरच्या अरीनात, म्हणजे घोडा चालवायच्या कुंपणातल्या मैदानात, प्रत्येक घोडं फाटकाच्या बाजूला ओढतं, तिकडे आपोआप वेग वाढतो, पलीकडच्या कोपऱ्यात पाय जड होतात, आणि सोबतीचा घोडा तबेल्यात खिंकाळला की तुम्ही पाठीवर आहात हे तो विसरतोच.

म्हणूनच घरी शिकवणाऱ्याने घोडं बाहेर न्यायलाच हवं, नाहीतर घरी शिकवतोय ह्याला अर्थ नाही. घोड्याला शिकलेलं जागेसकट आठवतं, घरी गुळगुळीत मागे जाणारी घोडी परक्या मैदानावर पहिल्यांदा खांब उभा राहावा तशी उभी राहिली होती. ट्रेलरमधून उतरवून लगेच खोगीर चढवू नका. आधी हाताने फिरवा, मग तेच घरचे धडे, मागे जा, पुठ्ठा सरकव, खांदा सरकव, उभी राहा. दोन्ही बाजूंनी करा, एका डोळ्याने बघितलेलं झुडूप दुसऱ्या बाजूने आलं की त्याला नवीनच वाटू शकतं. जमिनीवर एक कान तरी तुमच्याकडे यायला लागला तर चढा, नाहीतर त्या दिवशी तेवढंच, ट्रेलरमध्ये घालून घरी.

अजून एक गोष्ट माझ्या मते घराकडेच झुकते. घोड्याची हाडं खालून वर पक्की होत जातात, पायांची आधी, पाठीच्या मणक्यांची सगळ्यात शेवटी, पाच-सहा वर्षांच्या आसपास. मुदत ठरवून पाठवलेलं तीन वर्षांचं पोर मुदतीत काहीतरी दाखवायला हवं म्हणून जास्त चालवलं जाऊ शकतं, सगळेच असं करतात असं नाही. घरी दहा मिनिटांत काम छान झालं तर तिथेच सोडता येतं. मात्र घरी लोक लंजिंगचा अतिरेक करतात, लांब दोरीवर छोट्या गोलात गरागरा, सांध्यांना तेही महागात पडतं, त्यापेक्षा लाँग रेन्सवर, म्हणजे दोन लांब लगाम धरून मागून चालत, सरळ चालवा.

तर तुमची मांड पक्की नसेल, किंवा घोडं आधीच कोणाला पाडून बसलेलं असेल, तर बिनधास्त पाठवा, ह्यात कमीपणा नाही. बाकीच्यांनी ग्राउंडवर्क, म्हणजे जमिनीवरून शिकवायचं काम, घरी स्वतः करावं, पहिल्या काही राइड्सना जाणता माणूस घरी बोलवावा, मग अधूनमधून दुसऱ्या अरीनात जाऊन कोणाच्या तरी नजरेखाली चालवावं, असं मला वाटतं. आणि पाठवलंच तर आणायला जाल त्या दिवशी तिथेच स्वतः चढून बघा, कोणी तोंडाशी धरायला पुढे आलं तर त्याला बाजूला उभं राहायला सांगा.