विंडोज ९५ आणि ९८ साठीचे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी क्लायंट: बसवताना आणि अडचणी सोडवताना

मायक्रोसॉफ्टने १७ फेब्रुवारी २००० रोजी विंडोज २००० बाजारात आणले, तेव्हा बहुतेक कार्यालयांतील टेबलांवर विंडोज ९५, ९८ किंवा एनटी ४.० चालवणारे संगणकच होते. सर्व्हर नवा आणि डेस्कटॉप जुने, अशा कार्यालयांसाठी कंपनीने 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी क्लायंट एक्स्टेन्शन' नावाचे एक छोटे सॉफ्टवेअर दिले. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे विंडोज सर्व्हरवरची वापरकर्ते, संगणक आणि त्यांचे अधिकार यांची मध्यवर्ती नोंदवही, आणि हे सॉफ्टवेअर जुन्या संगणकांना तिच्याशी जोडते. संगणक-देखभालीतील मंडळी त्याला डीएस क्लायंट म्हणतात. विंडोज २००० सर्व्हरच्या सीडीवर 'क्लायंट्स' फोल्डरातील 'विन९एक्स' या फोल्डरात ते मिळते. जुनी यंत्रे, वजनकाटे किंवा हार्डवेअर लॉकवर चालणारी जुनी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअरे यांच्यामुळे ज्यांना अजूनही विंडोज ९८ बंद करता येत नाही, त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: विंडोज ९८ वर हे सॉफ्टवेअर अवश्य बसवावे, पण ते मुख्यतः पासवर्डच्या सुरक्षिततेसाठी बसवावे. त्याच्याकडून दुसऱ्या मोठ्या अपेक्षा ठेवल्या, तर निराशाच पदरी पडेल.

हे मत नीट कळण्यासाठी विंडोज ९८ मूळ स्थितीत सर्व्हरकडे पासवर्ड कसा सिद्ध करते, हे पाहावे लागेल. ते जुनी लॅन मॅनेजर पद्धत वापरते. या पद्धतीत पासवर्डमधील सर्व अक्षरे आधी कॅपिटल केली जातात, मग १४ अक्षरांची लांबी धरून त्याचे सात-सात अक्षरांचे दोन तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकड्यावर स्वतंत्र प्रक्रिया होते. त्यामुळे वापरणाऱ्याने लहान-मोठी अक्षरे कितीही काळजीपूर्वक मिसळली, तरी नेटवर्कवरची वाहतूक पकडणाऱ्याला चौदा अक्षरी पासवर्ड फोडावाच लागत नाही. सात अक्षरांचे दोन सोपे पासवर्ड फोडले की त्याचे काम होते. डीएस क्लायंटमुळे विंडोज ९५ आणि ९८ ला एनटीएलएम आवृत्ती २ ही कितीतरी मजबूत पद्धत वापरता येते, आणि माझ्या लेखी या सॉफ्टवेअरची खरी किंमत इथेच आहे. सर्व्हरवर लॅन मॅनेजरचे हॅश (पासवर्डपासून बनवलेली सांकेतिक रूपे) साठवणे बंद केलेले असेल, तर मूळ स्थितीतील विंडोज ९८ लॉगऑनच करू शकत नाही, आणि तिथे या क्लायंटला पर्याय उरत नाही.

बाकीच्या सोयी दुय्यम आहेत, पण निरुपयोगी नाहीत. मुख्य कार्यालय पुण्यात आणि शाखा साताऱ्यात असून दोन्हीकडे डोमेन कंट्रोलर (कार्यालयाच्या संगणकांच्या गटात, म्हणजे डोमेनमध्ये, पासवर्ड तपासून प्रवेश देणारा सर्व्हर) असेल, तर क्लायंट बसवलेला साताऱ्याचा संगणक जवळच्याच कंट्रोलरकडे लॉगऑन करतो. पासवर्ड बदलतानाही त्याला मुख्य कंट्रोलरच शोधावा लागत नाही, डोमेनमधील कोणताही विंडोज २००० कंट्रोलर चालतो. डीएफएस पद्धतीने, म्हणजे वेगवेगळ्या सर्व्हरवरची फोल्डरे एकत्र दाखवून, मांडलेली सामायिक फोल्डरे उघडता येतात, आणि स्टार्ट मेनूतून डिरेक्टरीतील माणसे शोधून, अधिकार असल्यास, त्यांचे दूरध्वनी क्रमांक व पत्ते दुरुस्त करता येतात. मात्र कर्बेरॉस ही ओळख पटवण्याची नवी पद्धत मिळत नाही, ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून संगणकांना लावायचे नियम) लागू होत नाही, आणि विंडोज ९८ चे डोमेनमध्ये स्वतःचे संगणक-खाते तयार होत नाही. 'क्लायंट बसवूनही पॉलिसी का लागत नाही?' हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर एवढेच, की ती सोय या सॉफ्टवेअरमध्ये मुळातच नाही.

बसवण्याची प्रक्रिया वरवर पाहता काही मिनिटांची आहे. फाइल चालवायची, दोन-तीन वेळा 'नेक्स्ट' दाबायचे आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. विंडोज ९८ वर सहसा काही अडत नाही, पण विंडोज ९५ वर सेटअप सुरूच होत नाही अशी तक्रार बरेचदा येते आणि तिचे कारण ठरलेले असते. या क्लायंटला इंटरनेट एक्सप्लोरर ४.०१ किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते आणि त्यासोबत अ‍ॅक्टिव्ह डेस्कटॉप हा घटकही चालू असावा लागतो. विंडोज ९८ मध्ये तो घटक आधीपासून असतो. विंडोज ९५ वर मात्र एखाद्याने थेट एक्सप्लोरर ५ बसवला, तर आवृत्ती नवी असूनही तो घटक येत नाही, कारण डेस्कटॉप बदलणारा तो भाग एक्सप्लोरर ४ सोबत येत असे आणि ५ मधून तो काढून टाकला होता. म्हणून आधी ४.०१ त्या घटकासह बसवावा आणि हवा असल्यास नंतर ५ चढवावा. हा क्रम चुकला, तर सीडी खराब आहे की काय अशी शंका घेण्यात विनाकारण वेळ जातो.

क्रमाचाच दुसरा मुद्दा एनक्रिप्शनचा आहे, आणि आपल्याकडच्या संगणकांसाठी तो विशेष महत्त्वाचा आहे. अमेरिकेचे निर्यात-निर्बंध जानेवारी २००० मध्ये सैल होईपर्यंत, परदेशी जाणाऱ्या ब्राउझरमध्ये कमी ताकदीचे एनक्रिप्शन असे. डीएस क्लायंट बसवताना संगणकावर १२८ बिटांचा आधार आधीच असेल, तरच क्लायंट तो घेतो. नसेल, तर ५६ बिटांवर थांबतो. आपल्या संगणकावर यापैकी काय आहे, हे तपासणे सोपे आहे. विंडोज फोल्डरातील 'सिस्टिम' फोल्डर उघडावे, 'सेक्युर३२' या डीएलएल फाइलवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडाव्यात आणि 'व्हर्जन' या पानावरचे वर्णन वाचावे. तिथे शेवटी 'एक्सपोर्ट व्हर्जन' असेल तर ५६ बिट, आणि 'यूएस अँड कॅनडा ओन्ली' असेल तर १२८ बिट समजावे. सातारा-सांगलीकडच्या संगणकावर दुसरी ओळ दिसली, तर दचकू नये, उलट काम नीट झाले आहे असे समजावे.

मात्र सर्वांत मोठी गफलत यानंतर होते. क्लायंट बसवला म्हणजे नवी पद्धत आपोआप सुरू झाली, असे मानले जाते, पण तसे होत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, बदल केल्याशिवाय संगणक जुन्याच पद्धतीने उत्तरे पाठवत राहतो, लॉगऑन व्यवस्थित होते आणि कोणाला काही जाणवतही नाही. त्यासाठी रजिस्ट्रीच्या लोकल मशीन शाखेत 'सिस्टिम', 'करंट कंट्रोल सेट' आणि 'कंट्रोल' असे आत जाऊन 'एलएसए' नावाची की स्वतः तयार करावी लागते, कारण विंडोज ९८ मध्ये ती नसते. तिच्यात 'एलएम कॉम्पॅटिबिलिटी' नावाची डीवर्ड प्रकारची नोंद, मध्ये कुठेही जागा न सोडता, करून तिची किंमत ३ द्यायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. एनटी ४.० मध्ये याच नोंदीच्या नावात शेवटी 'लेव्हल' हा शब्द जास्तीचा असतो. एनटीसाठीच्या सूचना पाहून विंडोज ९८ वर नोंद करणारे नेमके इथे फसतात. चुकीच्या नावाची नोंद संगणक तक्रार न करता सांभाळून ठेवतो, तिच्याकडे लक्ष मात्र देत नाही. डोमेन कंट्रोलर विंडोज सर्व्हर २००८ किंवा त्यानंतरचा असेल, तर त्याच्या सिक्युरिटी लॉगमधील ४६२४ क्रमांकाच्या नोंदीत शेवटी एनटीएलएमची आवृत्ती लिहिलेली असते. तिथे आवृत्ती २ दिसली, तरच काम पूर्ण झाले असे मानावे.

अडचण आली, तर पडद्यावरचा संदेश शब्दशः वाचावा, कारण विंडोज ९८ चे दोन संदेश दोन वेगळ्या दुखण्यांकडे बोट दाखवतात. पासवर्ड तपासायला डोमेन सर्व्हर उपलब्ध नाही असा संदेश असेल, तर दोष क्लायंटचा नसून बहुधा सर्व्हरचे नाव सापडत नसल्याचा असतो. विंडोज ९८ डोमेन शोधताना नेटबायोस या जुन्या पद्धतीच्या नावांवर विसंबते, म्हणून विन्स सर्व्हरचा (ती नावे आयपी पत्त्यांशी जुळवणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता भरलेला असावा, नाहीतर 'एलएमहोस्ट्स' फाइलमध्ये कंट्रोलरचा आयपी पत्ता, त्याचे नाव, 'प्री' आणि 'डॉम' या दोन खुणा आणि डोमेनचे छोटे नाव असलेली ओळ लिहावी. इथे एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. ही फाइल नोटपॅडमध्ये केली, तर नोटपॅड तिच्या नावाला शेवटी टीएक्सटी हे शेपूट जोडतो, आणि एक्सप्लोररमध्ये शेपटे लपवलेली असल्याने नाव बरोबरच दिसते. डॉसच्या खिडकीत 'डीआयआर' करून नाव तपासावे आणि मग 'एनबीटीस्टॅट' आज्ञेने नावांची यादी पुन्हा वाचून घ्यावी.

डोमेन पासवर्ड चुकीचा आहे किंवा लॉगऑन सर्व्हरने प्रवेश नाकारला आहे असा संदेश असेल, तर सर्व्हर सापडलेला आहे आणि बोलणे पासवर्डवर येऊन थांबले आहे. अशा वेळी पासवर्ड १४ अक्षरांपेक्षा मोठा तर नाही ना, हे आधी विचारावे. मग दोन्ही बाजूंची घड्याळे जुळवावीत, कारण नव्या पद्धतीत वेळेची तपासणी होते आणि जुन्या मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असली, की संगणकाचे घड्याळ भलतीच तारीख धरते. त्यानंतर विंडोज फोल्डरातील त्या वापरकर्त्याची पीडब्ल्यूएल (साठवलेल्या पासवर्डची) फाइल बाजूला काढून पुन्हा लॉगऑन करून पाहावे. सर्व्हर २००३ असेल आणि डेस्कटॉप विंडोज ९५ असेल, तर क्लायंटशिवाय लॉगऑन होणारच नाही, कारण २००३ चा डोमेन कंट्रोलर मूळ मांडणीतच एसएमबी (नेटवर्कवर फाइल्स देण्याघेण्याची पद्धत) संदेशांवर डिजिटल सही मागतो.

क्लायंट नको झाला म्हणून काढून टाकला, तरी एनटीएलएम २ च्या सिस्टिम फाइल्स संगणकावर राहतात, कारण त्यांत सुरक्षेच्या दुरुस्त्याही आहेत. हा निर्णय मला योग्य वाटतो.

एनटी ४.० बद्दल माझे मत वेगळे आहे. त्याच्यासाठीचा क्लायंट स्वतंत्रपणे दिला गेला आणि त्याला सर्व्हिस पॅक ६ए लागतो, पण एनटीएलएम २ तर एनटीला सर्व्हिस पॅक ४ पासूनच मिळालेले आहे. म्हणजे तिथे हातात उरते ते डीएफएस, जवळचा कंट्रोलर शोधणे आणि डिरेक्टरीसाठी प्रोग्रॅम लिहिण्याची सोय. एकच कार्यालय आणि एकच सर्व्हर असेल, तर एनटीवर तो बसवण्याची गरज नाही.

आजच्या सर्व्हरशी या संगणकांना जोडण्याआधी आणखी एक अडसर येतो. विंडोज ९८ ला एसएमबीची पहिलीच आवृत्ती बोलता येते, आणि डीएस क्लायंट त्यात काहीच बदल करत नाही. विंडोज सर्व्हर २०१९ मध्ये ती आवृत्ती मुळात बसवलेलीच नसते, आणि लिनक्सवर विंडोजसारखा फाइल सर्व्हर चालवणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरनेही ४.११ पासून ती मूळ मांडणीत बंद ठेवली आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला, तो याच आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन. त्यामुळे मुख्य डोमेन कंट्रोलरवर ती चालू करून द्या, अशी मागणी कोणी केली तर मी साफ नकार देतो. त्याऐवजी एक वेगळा लिनक्स संगणक घ्यावा, त्यावर सांबामध्ये एसएमबीची किमान आवृत्ती 'एनटी१' (म्हणजे पहिलीच) ठेवावी, पासवर्डसाठी फक्त एनटीएलएम २ स्वीकारावे, आणि तो संगणक व विंडोज ९८ यांना इंटरनेटपासून तोडलेल्या स्वतंत्र नेटवर्कवर ठेवावे. फाइल्सची देवाणघेवाण त्या एकाच फोल्डरातून करावी, आणि त्या फोल्डरावर मुख्य नेटवर्कच्या बाजूने अँटिव्हायरसची नजर ठेवावी.