लॉख नेसची बोटफेरी : दरी उत्तम दिसते, निवेदन मात्र अपुरे

स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसजवळून निघून कॅलेडोनियन कालव्यातून लॉख नेस सरोवरात शिरणारी आणि अर्कर्ट किल्ल्यापर्यंत जाणारी बोटफेरी जरूर घ्यावी. मात्र ती ज्यासाठी घ्यावी, त्या दरीच्या जडणघडणीचा आमच्या बोटीवरील निवेदनात ओझरता उल्लेखच झाला.

कालव्याचे अरुंद पात्र संपले की सुमारे ३७ किलोमीटर लांबीचे सरोवर जवळपास सरळ रेषेत समोर पसरलेले दिसते. हा सरळपणा हिमनदीचा नव्हे, तर ग्रेट ग्लेन भ्रंशाचा, म्हणजे भूकवचातील एका लांब भेगेचा आहे. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी या भ्रंशाच्या दोन्ही बाजूंचे भूकवच एकमेकांना घासत आडवे सरकू लागले आणि मधल्या पट्ट्यातील खडक भरडला गेला. नर्मदा-तापीच्या खचदऱ्या शाळेत शिकलेल्या आपल्या वाचकाला येथेही जमीन खचली असावी असे वाटेल. परंतु येथे मुख्य हालचाल खचण्याची नसून आडवे सरकण्याची होती. भ्रंशाने दरी खोदली नाही, केवळ तिची रेघ आखून दिली. त्या रेघेवरचा भेगाळलेला खडक बाजूच्या अभंग खडकाच्या मानाने सहज उपटला जाणारा असल्याने आधी नद्यांनी आणि पुढे हिमयुगांत वारंवार आलेल्या हिमनद्यांनी तोच पट्टा पोखरला.

बर्फाचा खरा पुरावा पाण्याखाली आहे. सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून जेमतेम १६ मीटर उंच, तर कमाल खोली सुमारे २३० मीटर आहे. म्हणजे तळ समुद्रसपाटीच्याही २०० मीटरहून अधिक खाली जातो. नदीला इतके खोल खोदणे शक्य नसते, पण स्वतःच्या वजनाने दाबला जाणारा आणि तळाशी चढावरही सरकू शकणारा बर्फ ते करतो. बोटीवरील सोनारच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी तळाचा वेध घेणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर उभ्या कडा आणि सपाट तळ स्पष्ट दिसत होते. त्याच क्षणी निवेदक मात्र सरोवरातल्या राक्षसाच्या कथेत रमले होते आणि पडद्याकडे कोणाचे लक्षही वेधले गेले नाही. ही उणीव मला अक्षम्य वाटते.

बाकी व्यवस्था नीटनेटकी होती. वारा बोचरा असला तरी काचेच्या केबिनऐवजी वरच्या उघड्या डेकवरच बसावे. १८२२ मध्ये खुला झालेला कालवाही याच भ्रंशाचे देणे आहे : अभियंते थॉमस टेलफर्ड यांच्या सुमारे ९७ किलोमीटरच्या या मार्गापैकी जेमतेम एक-तृतीयांश भाग खोदावा लागला, उरलेली वाट सरोवरांनी आयती दिली.

तिकीट काढताना किल्ल्यावर उतरता येते का आणि त्याचा प्रवेश त्यात धरला आहे का, हे विचारून घ्यावे. किल्ल्याच्या मनोऱ्यावरून सरोवर दोन्ही दिशांना लांबवर दिसते, आणि दरीची सरळ रेघ बोटीपेक्षा तेथून अधिक चांगली उमगते.